या पदवीचा पैसा जातो कुणाच्या खिशात?

ताई,
मी ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीजच्या, म्हणजे मानव विकास आणि कुटुंब अभ्यासाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. विषय मीच निवडला आणि तो मला मनापासून आवडतो. पण घरी आता रोज वाद होतात. दादा म्हणतो, ‘मुलं सांभाळायला डिग्री कशाला लागते?’ बाबा असं काही बोलत नाहीत, पण शैक्षणिक कर्जाचे कागद समोर ठेवून विचारतात, ‘फिटेल ना गं हे?’ आई म्हणते, काही नाही तर संसाराला तरी उपयोगी पडेल. ते ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. माझी एक सीनियर बालवाडीत शिकवते. तिचा पगार ऐकून मी गप्पच बसले. दुसरी एका हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या विभागात आहे, तिचं बरं चाललंय. मास्टर्स करायचं तर आणखी कर्ज. सगळं सोडून कॉमर्सला जायचं तर दोन वर्षं वाया. या पदवीला पैशात काही किंमत आहे का? खरं काय ते सांगा, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.
— द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी

तुला खरं हवंय, म्हणून आधी कडू भाग. हातात नुसती पदवी घेऊन नोकरी शोधायला निघालीस तर पगार कमीच मिळेल. बऱ्याच इतर पदवीधरांपेक्षा कमी, आणि तुझ्या कामाच्या मोलाच्या मानाने तर फारच कमी. तुझ्या बालवाडीतल्या सीनियरचं नशीब वाईट होतं असं समजू नकोस. तिच्यासारख्याच पुष्कळ जणी आहेत.

मी अमेरिकेतले आकडे देते, कारण या नावाचे विभाग तिथे फार आधीपासून आहेत आणि कोणत्या कामाला काय पगार मिळतो हे तिथलं सरकार दरवर्षी जाहीर करतं. तू रकमांकडे फार बघू नकोस, त्यांच्यातल्या अंतराकडे बघ. २०२३ साली तिथल्या सगळ्या नोकरदारांचा मधला वार्षिक पगार, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळतो तो, सुमारे ४८ हजार डॉलर होता. पाळणाघरात काम करणाऱ्यांचा साधारण ३० हजार. बालवाडी शिक्षकांचा ३७ हजार. विवाह आणि कुटुंब समुपदेशकांचा ५८ हजारांच्या वर, शाळेतल्या समुपदेशकांचा जवळपास ६२ हजार. स्पीच थेरपिस्टचा, म्हणजे बोलण्यातल्या अडचणींवर उपचार करणाऱ्यांचा, ८९ हजारांच्या घरात आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे आजाराने किंवा अपंगत्वाने अडलेली रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्यांचा, ९६ हजारांच्या. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या एका केंद्राने २०१५ मध्ये पदवीच्या विषयांप्रमाणे कमाईची यादी काढली होती. सगळ्यात वर पेट्रोलियम इंजिनिअरिंग, वर्षाला १ लाख ३६ हजार डॉलर. सगळ्यात खाली बालशिक्षण, ३९ हजार. तुझ्या विषयाची ती अगदी जवळची बहीण.

आता याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने बघ. पाळणाघर, बालवाडी, शालेय समुपदेशन, थेरपी, या सगळ्या ठिकाणी तुझ्याच विषयाचं ज्ञान लागतं. मूल कसं वाढतं, घर कसं चालतं, ताण आला की माणसं कशी वागतात. ज्ञानाचा पाया एक असूनही पगार तिप्पट होतो. हा फरक कशाने पडतो ते कळलं की तुझा निम्मा प्रश्न सुटला.

त्यासाठी एक जुना प्रयोग सांगते. कदाचित तुला वर्गात शिकवलाही असेल, पण त्यातल्या पैशांकडे वर्गात सहसा कुणी बघत नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलँटी नावाच्या गावात पेरी प्रीस्कूल प्रकल्प सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची १२३ मुलं निवडली. त्यातल्या ५८ मुलांना बालवाडीत घेतलं, ६५ मुलांना घेतलं नाही, आणि मग दोन्ही गटांचं आयुष्य कसं जातं ते वर्षानुवर्षं पाहिलं. रोज सकाळी अडीच तास वर्ग भरायचा. आठवड्यातून एकदा शिक्षिका मुलाच्या घरी जायची, दीड तास आईबरोबर आणि मुलाबरोबर बसायची. एवढंच, तेही एक-दोन वर्षं. ही मुलं चाळिशीला पोचली तेव्हा बालवाडीत गेलेल्यांमध्ये शाळा पूर्ण करणारे जास्त होते, कमाई जास्त होती आणि अटक झालेल्यांचं प्रमाण कमी होतं. प्रकल्प चालवणाऱ्यांनी हिशेब मांडला: घातलेल्या एका डॉलरमागे सुमारे १६ डॉलर परत आले. जेम्स हेकमन या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे तोच हिशेब जास्त कडक पद्धतीने तपासला, तरीही परतावा वर्षाला ७ ते १० टक्के निघाला. इतका परतावा वर्षानुवर्षं मिळाला तर कुठलाही गुंतवणूकदार खूश होईल.

पण ते १६ डॉलर कुणाला मिळाले? सुमारे १३ समाजाला: गुन्हे कमी झाले, तुरुंगाचा खर्च वाचला, कर जास्त जमा झाला. साधारण ३ त्या मुलांना, त्यांच्या वाढलेल्या कमाईतून. आणि शिक्षिकेला? या परताव्यात तिचा वाटा नाही. तिचा पगार हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहे, खर्चाच्या.

मला तुला जे सांगायचंय ते हेच. तुझ्या कामातून पैसा तयार होतो, भरपूर होतो, पण तो उशिरा तयार होतो आणि भलत्याच खिशात जाऊन पडतो. चार वर्षांचं मूल तुला फी देऊ शकत नाही. ज्या घराला तुझी सगळ्यात जास्त गरज असते, त्या घराकडेही बहुतेक वेळा पैसे नसतात. फायदा होतो तो वीस वर्षांनी, अशा करदात्यांना, ज्यांना तुझं नावही माहीत नसतं. मग तुला पगार देणार कोण? ज्याच्याकडे त्या कामासाठी बजेट आहे आणि ‘या जागेवर पात्र माणूसच बसेल’ असा नियम आहे, तो. शाळा, हॉस्पिटल, न्यायालय, विमा कंपनी, सरकारी खातं. जिथे असा नियम आहे तिथे पगार वर चढतो. जिथे प्रेमळ स्वभावाची कुणीही चालते असं मानतात, तिथे पगार तळाला राहतो, मग समोरची बाई कितीही शिकलेली असो. थेरपिस्टला ९६ हजार आणि बालवाडीच्या शिक्षिकेला ३७ हजार मिळतात ते थेरपिस्ट अडीचपट हुशार असते म्हणून नाहीत. एकीच्या दारावर परवान्याचं कुलूप आहे, दुसरीचं दार सताड उघडं आहे.

दादाच्या वाक्याचं मूळही इथेच आहे. तुझा विषय गृहशास्त्रातून वाढला. एलन स्वॅलो रिचर्ड्स ही रसायनशास्त्रज्ञ, एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री. तिच्या पुढाकाराने १८९९ मध्ये अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड या गावी गृहशास्त्राची पहिली परिषद भरली आणि १९०९ मध्ये त्याची संघटना उभी राहिली. विज्ञानाच्या बाकी विभागांत ज्या बायकांना नोकरी मिळत नव्हती, त्यांना इथे जागा मिळाली. विषय वाढला, नावं बदलली. कॉर्नेल विद्यापीठाने १९६९ मध्ये आपल्या होम इकॉनॉमिक्स महाविद्यालयाचं नाव ह्यूमन इकॉलॉजी केलं. पण बाजाराच्या डोक्यातली समजूत बदलली नाही. घरात बाई जे फुकट करते, त्याला बाहेर तरी किती पैसे द्यायचे, ही ती समजूत. नॅन्सी फोल्ब्रेसारख्या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलंय की शिक्षण, अनुभव सगळं सारखं धरलं तरी काळजी घेण्याच्या कामांना पगार कमी मिळतो, आणि तिथे काम करणाऱ्या पुरुषांनाही तो फटका बसतो. हा अन्याय आहे. त्याविरुद्ध बोलायला हवं, आणि तू बोलशीलच. फक्त तुझ्या कर्जाचा हप्ता हा अन्याय दूर होईपर्यंत थांबणार नाही.

आईच्या बोलण्याबद्दल एक सांगते. त्या प्रेमाने म्हणत असतील, पण तुझं वाईट वाटणं योग्य आहे. ‘संसाराला उपयोगी पडेल’ हा आकडा या हिशेबात धरायचाच नाही. सिव्हिल इंजिनिअर झालेल्या मुलाला, काही नाही तर घराची भिंत तरी बांधता येईल, असं कुणी म्हणत नाही. तुझी पदवी पेशा म्हणून तोलायची, त्याच तराजूत.

तर मग वाटा बघू. सगळ्या सांगत बसत नाही. ज्यांत पैशाचं गणित जमतं तेवढ्याच सांगते.

तुझी हॉस्पिटलमधली सीनियर करते त्या कामापासून सुरुवात करते, कारण नियम पगाराला कसा वर ढकलतो हे तिथे स्वच्छ दिसतं. अमेरिकेत या कामाला चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला बाहुलीवर मास्क लावून दाखवायचा, सलाइन कुठे लागेल ते समजावायचं, भावंडांना सांभाळून घ्यायचं, आईबापांना काय विचारायचं ते सुचवायचं. या कामासाठी पदवी, ठरावीक विषय, किमान ६०० तासांची इंटर्नशिप आणि परीक्षा, एवढं झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं, आणि मोठी बालरुग्णालयं ते मागतात. यात थेरपीइतका पैसा नाही, पण मास्टर्स न करताही स्वतंत्र ओळखीचा पेशा हातात येतो. अडचण इंटर्नशिपची: जागा मोजक्या, आणि बऱ्याच ठिकाणी त्या काळात पैसे मिळत नाहीत. म्हणजे साडेतीन-चार महिने पूर्ण वेळ काम, राहण्या-जेवणाचा खर्च घरचा. हा आकडा बाबांच्या कागदावर आत्ताच लिहून ठेव, नंतर अचानक समोर यायला नको.

दुसरी वाट समुपदेशनाची. इथे पदवी पुरत नाही, मास्टर्स लागतं. आणि मास्टर्स झालं की कमाई सुरू, असंही नाही. परवाना मिळण्याआधी ज्येष्ठ समुपदेशकाच्या देखरेखीखाली हजारो तास काम करावं लागतं. कॅलिफोर्नियात कुटुंब समुपदेशकाला असे ३००० तास भरावे लागतात, किमान १०४ आठवड्यांत. त्या काळात पगार तुटपुंजा असतो आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरू झालेले असतात. माहितीपत्रकात दोन वर्षांची फी छापलेली असते, ही पुढची दोन-तीन वर्षं छापलेली नसतात. मी तुला या वाटेवरून मागे फिर म्हणत नाही. ज्यांना हे काम जमतं, त्यांना ते आयुष्यभर पुरतं, आणि परवाना हातात आल्यावर स्वतःची प्रॅक्टिस काढता येते, जी तुझ्या विषयातल्या फार थोड्या वाटांवर शक्य आहे. पण हिशेब दोन वर्षांचा करू नकोस, पाच वर्षांचा कर. शिवाय परवान्याचे नियम देशागणिक, राज्यागणिक बदलतात. जिथे काम करायचंय तिथले आधी वाच आणि मगच कॉलेज निवड. उलटं केलेल्या मुली मला नेहमी पत्र लिहितात.

तिसरी वाट ऑक्युपेशनल थेरपी किंवा स्पीच थेरपीकडे जाते. पैशाच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम हीच, पण तिची तयारी आजपासून लागते. ऑक्युपेशनल थेरपीच्या अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी शरीररचना, शरीरक्रिया आणि संख्याशास्त्र हे विषय पदवीत झालेले हवे असतात, आणि तुझ्या सक्तीच्या विषयांत ते असतीलच असं नाही. स्पीच थेरपीच्या मागण्या आणखी वेगळ्या. तू दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणजे ऐच्छिक विषय अजून तुझ्या हातात आहेत. चौथ्या सेमिस्टरला घेतलेला शरीररचनेचा एक पेपर पुढचं एक अख्खं वर्ष वाचवतो. पत्रात तू मास्टर्सच्या कर्जाची काळजी केलीस. मी म्हणेन, त्याआधी पुढच्या सेमिस्टरला कोणते विषय घेऊ, हे विचार.

आणि वृद्ध माणसं. तुझ्या विषयाच्या नावात ‘मानव विकास’ आहे, पण वर्गातल्या बहुतेक जणींच्या डोळ्यांसमोर फक्त लहान मूल असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातल्या दर सहा माणसांपैकी एक ६५ च्या पुढचा असेल. त्यांच्या घरांना, त्यांना सांभाळणाऱ्या मुलांना, त्यांच्या निवासांना आणि हॉस्पिटलांना तुझंच ज्ञान लागणार आहे. आणि इथे पैसे देणारी व्यक्ती मोठी आहे, तिची बचत आहे, विमा आहे, पेन्शन आहे. लहान मुलांच्या बाबतीत पैशाची जी गाठ सुटत नाही, ती इथे बरीच सैल होते. तुझ्या विभागात वार्धक्यावर पेपर असेल तर तो घे, वर्ग रिकामा दिसला तरी.

आता कर्ज. बाबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आकड्यातच उत्तर द्यायला हवं. एक साधा नियम पाळ: शिक्षण संपेपर्यंतचं एकूण कर्ज तुझ्या पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराहून जास्त होऊ देऊ नकोस. का ते बघ. पगार १०० धर आणि कर्जही १००, व्याज ७ टक्के, मुदत दहा वर्षं. वर्षभराचे हप्ते होतात जवळजवळ १४. म्हणजे पगारातला सातवा हिस्सा दहा वर्षं जातो, आणि १०० घेऊन तू सुमारे १३९ फेडतेस. जड आहे, पण झेपतं. तेच कर्ज २०० झालं तर वर्षाला २८ जातात. कर आणि घरभाडं देऊन झाल्यावर उरलेल्या पगारातून २८ काढणं म्हणजे दहा वर्षं प्रत्येक निर्णय हप्त्याला विचारून घेणं. इंजिनिअर हा नियम थोडा ताणू शकतो, कारण त्याचा पगार लवकर वाढतो. तुझ्या क्षेत्रात पगार हळू वाढतो, म्हणून तू ताणू नकोस. आणि अपेक्षित पगार म्हणजे कॉलेजच्या माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा नव्हे. तुझ्या बालवाडीतल्या आणि हॉस्पिटलमधल्या सीनियरच्या पगारांच्या मधला कुठला तरी धर.

या नियमाने पाहिलं तर बरेच प्रश्न आपोआप सुटतात. महागड्या खासगी विद्यापीठातली ही पदवी आणि सरकारी विद्यापीठातली ही पदवी यांच्या पगारात फारसा फरक पडत नाही, कारण परवाना देणारी संस्था कॉलेजचं नाव बघत नाही, मान्यता, तास आणि परीक्षा बघते. म्हणून मास्टर्स करायचं तर मान्यताप्राप्त पण स्वस्त जागा शोध, आणि जमलं तर आधी एखादं वर्ष नोकरी कर. काही शाळा, हॉस्पिटलं आणि सरकारी खाती कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलतात. नोकरी निवडताना पगारात थोडं कमी आलं तरी ही सोय असेल तर ती जमेत धर.

विषय बदलण्याबद्दल. गेलेली दोन वर्षं हिशेबात धरू नकोस. ती तू थांबलीस तरी गेली आणि निघालीस तरी गेली. स्वतःला एवढंच विचार: आजपासून पुढचं शिक्षण आणि पुढची दहा वर्षं, कुठल्या बाजूला बरी जातील? तुला आकडेमोडीची, व्यवहाराची खरीच ओढ असेल तर खुशाल जा. पण केवळ भीतीपोटी जात असशील तर थांब. न आवडणाऱ्या विषयात मन लागत नाही, आणि मन नसलेल्या मध्यम कॉमर्स पदवीधरालाही बाजार पैशाच्या राशी देत नाही. तुला विषय मनापासून आवडतो म्हणतेस, तर परवान्याची वाट ठरव आणि त्याच विषयात राहा. माझं मत विचारशील तर हेच आहे.

मात्र राहायचं असेल तर तुला जे येतं ते बाजाराला समजेल अशा भाषेत मांडायला शीक. या क्षेत्रातल्या मुली इथे फार मार खातात. समजा, तू प्रात्यक्षिकासाठी बालवाडीत बसतेस आणि नोंदी लिहितेस: ‘१०.०५, ठोकळा मित्राकडून ओढून घेतला. १०.०६, मोठ्यांकडे पाहिलं. १०.०८, ठोकळा परत दिला, पण पाठ फिरवून बसला.’ निष्कर्ष वेगळा, निरीक्षण वेगळं, वेळ टाकलेली, काही आठवड्यांनी त्याच मुलाच्या नोंदी पुन्हा. तुझ्या सीव्हीत हे सगळं कसं उतरतं? ‘बालवाडीत इंटर्नशिप केली. मुलांची आवड आहे.’ झालं. वाचणाऱ्याला वाटतं, मुलांशी खेळली असेल. त्याऐवजी असं लिही: ‘सहा आठवडे ठरावीक वेळांना वर्तनाच्या नोंदी घेतल्या, त्यांचं वर्गीकरण केलं, शिक्षक आणि पालकांसाठी अहवाल लिहिला, अहवालानंतर वर्गाच्या वेळापत्रकात बदल झाला.’ अर्थात हे जे खरं असेल तेच लिहायचं. पण खरं असूनही न लिहिणाऱ्या जणी खूप आहेत.

हे कौशल्य बालवाडीबाहेरही खपतं. स्वयंसेवी संस्थांना आणि सरकारी योजनांना आपल्या कामाचा परिणाम मोजून दाखवावा लागतो, नाहीतर निधी थांबतो. पेरी प्रकल्प साठ वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे, कारण तिथे कुणीतरी चिकाटीने नोंदी ठेवल्या. निरीक्षण, प्रश्नावली, मुलाखत आणि त्याला थोडं संख्याशास्त्र जोडलंस तर कार्यक्रम मूल्यमापनाच्या जागा तुझ्यासाठी उघडतात, आणि तिथला पगार थेट मुलांबरोबर काम करणाऱ्यांपेक्षा बरा असतो. कंपन्यांचे एचआर विभागही अशी माणसं घेतात. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर ती घालव. तुझ्या वर्गात ती बऱ्याच जणींना वाटते, म्हणूनच जिची जाते तिला मागणी येते.

बालवाडीतच शिकवायचं ठरवलंस तर? तेही कर. पण तेव्हा कर्ज जवळजवळ शून्य ठेव. सरकारी शाळेला जोडलेल्या पूर्वप्राथमिक वर्गातली जागा शोध. तिथे पगार सहसा खासगी पाळणाघरापेक्षा बरा असतो, सुट्या आणि पेन्शनची सोय असू शकते. संघटना असेल तर तिच्यात जा. या कामाचा पगार वाढायचा तर तो एकेकीच्या गुणवत्तेने वाढत नाही, सगळ्यांनी मिळून मागितला तरच वाढतो.

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखांची वेळ घे. त्यांना ‘स्कोप काय आहे’ असं विचारू नकोस, त्याला सगळीकडे ‘भरपूर’ हेच उत्तर मिळतं. विचार, गेल्या दोन-तीन तुकड्यांतल्या मुली आज नेमक्या कुठल्या पदावर आहेत. परवाना किती जणींनी मिळवला, आणि पदवीनंतर किती वर्षांनी. इंटर्नशिपची जागा विभाग देतो की स्वतः शोधावी लागते, आणि त्या काळात मानधन मिळतं का. उत्तरं लिहून घे. विभागाकडे ही माहितीच नसेल तर माजी विद्यार्थिनींना तू स्वतः फोन कर. तुझ्या हॉस्पिटलमधल्या सीनियरपासून सुरुवात कर, आणि तिला पगाराआधी हे विचार की पदवी आणि ही नोकरी यांच्यामध्ये तिने काय काय केलं, आणि त्याला किती वेळ व किती पैसे लागले.

मग बाबांसमोर एक कागद ठेव. एका ओळीत पद, दुसऱ्या ओळीत त्यासाठी लागणारा परवाना किंवा प्रमाणपत्र, तिसऱ्या ओळीत तिथवर पोचायची वर्षं, चौथ्या ओळीत पहिल्या वर्षाचा पगार, पाचव्या ओळीत त्याहून कमी असलेलं एकूण कर्ज. एका पदासाठी गणित जमत नसेल तर दुसरं पद घेऊन पुन्हा मांड. बाबांनी विचारलं होतं ‘फिटेल ना’, आणि त्यांना धीर देणाऱ्या शब्दांपेक्षा असा कागद जास्त हवा आहे. दादालाही तोच दाखव. वाद घालत बसू नकोस. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा पगार त्याला स्वतःलाच शोधायला सांग.

आणि ऐच्छिक विषयांचे अर्ज भरायची शेवटची तारीख आजच बघून ठेव. संख्याशास्त्र नक्की घे, आणि थेरपीकडे थोडाही कल असेल तर शरीररचनाही.